शेवटच्या दोन दिवसांत एन३ सोडून एन४ भरू का?

कावेरी_के | सोमवार, रात्री ११:४२

जपानी शिकणारे, शिकवणारे आणि परीक्षा देऊन पस्तावलेले असे सगळे इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते.

जुलैच्या जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा, फॉर्म परवा, बुधवारी बंद होतोय. माझा भरून झालाय, फोटोसकट. फक्त लेव्हलच्या खान्यापाशी अडकले आहे. एन१ ते एन५ अशा पाच ओळी उघडतात, एन५ सगळ्यात सोपी. मी एन३ वर जाते, परत एन४ वर येते, मग टॅब तशीच ठेवून ओटा पुसून येते. जेवणानंतर हे तीनदा झालं. ओटा चकाचक आहे.

माझं वय ४१. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एन५ झाले, १३१ मार्क. मग पन्नासच्या पन्नास धडे संपवले, पण एन४ दिली नाही. आमच्या सेन्सेईंचं, म्हणजे सरांचं म्हणणं, "एन४ला कोण विचारतं, सरळ एन३ द्या." सप्टेंबरपासून शनिवार-रविवार एन३चा क्लास चालू आहे. वर्गात मी सोडून सगळे विशीतले. काल सराव परीक्षा झाली. शब्द-व्याकरण ३६, वाचन १३, ऐकणं ३१. एकूण ८०. शेवटचे दोन उतारे मी वाचलेसुद्धा नाहीत, त्याआधीच वेळ संपली.

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो "तुला वाटेल ते कर". सेन्सेईंना विचारायचा धीर होत नाही. एन४ भरली तर पाच महिने फुकट गेले असं वाटतं, एन३ भरली तर नापास दिसतंय. काय करू?

तिरकस | सोमवार, रात्री ११:५८

पाच महिने एन३च्या क्लासची फी भरली आणि आता एन४? हे म्हणजे वारी धरायची पंढरपूरची आणि जेजुरीतून माघारी फिरायचं.

भरा हो एन३. नापास झालात तर कुणी फाशी देत नाही.

सासवडकर | मंगळवार, सकाळी ७:१०

तिरकसराव, जेजुरीलाही देवच आहे.

कावेरीताई, तुमचा तो १३चा आकडा बघून माझी जुनी जखम भळभळली. तीन वर्षांपूर्वी मी एन३ दिली. निकाल १०६. पास व्हायला ९५ लागतात. बायकोला लगेच फोन केला, ती ऑफिसातून पेढे घेऊन यायला निघाली. मग मी चश्मा लावून खालची ओळ वाचली. वाचन १७. एन३ला तीन भाग असतात, शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं. प्रत्येकी ६० पैकी, आणि प्रत्येकात किमान १९ हवेतच. दोन मार्कांनी वाचन गेलं आणि १०६ असूनही नापास. पेढे आले, खाल्ले. मुलाने विचारलं कशाबद्दल, तर मी म्हटलं १०६बद्दल.

रेवती_निशिकासाई | मंगळवार, सकाळी ७:३५

सासवडकर, 😀 आणि 😔 दोन्ही.

त्यांनी सांगितलं त्यात भर घालते, कारण हे क्लासमध्ये नीट सांगत नाहीत. एन४ आणि एन५ला शब्द, व्याकरण, वाचन सगळं एकाच पातेल्यात असतं. १२० पैकी ३८ पुरतात, ऐकण्यात ६० पैकी १९, एकूण एन४ला ९० आणि एन५ला ८०. म्हणजे वाचन कच्चं असलं तरी शब्दांवर निभावून नेता येतं. एन३ला वाचनाची चूल वेगळी मांडली जाते आणि तिथे पहिल्यांदा उघडं पडायला होतं. पासाचा आकडा ९०वरून ९५ एवढाच वाढतो, म्हणून लोकांना उडी लहान वाटते.

आणखी एक. सराव परीक्षेतले १३ म्हणजे खऱ्या परीक्षेतले १३ नव्हेत. तिथे किती उत्तरं बरोबर आली हे मोजून सरळ मार्क देत नाहीत, त्या वेळचा पेपर किती अवघड होता त्याचा हिशेब धरून मोजपट्टीवर बसवतात. त्यामुळे आकड्याला घाबरू नका. पण दोन उतारे राहिले, त्याला मात्र घाबरा.

आणि मुख्य प्रश्न तुम्ही सांगितलाच नाहीत. सर्टिफिकेट कशासाठी हवंय? हौस, नोकरी, की जपानला यायचंय?

अण्णा_७१ | मंगळवार, सकाळी ९:०२

आमच्या वेळी एन वगैरे नव्हतं. इक्क्यू, निक्यू, सानक्यू, योनक्यू अशा वरून खाली चारच पायऱ्या, आणि परीक्षा वर्षातून एकदाच, डिसेंबरात. १९८४ साली सुरू झाली ती २००९पर्यंत चारच पायऱ्यांची होती. सानक्यूला ३०० कांजी (चिनी चित्राक्षरं) आणि १५०० शब्द. निक्यूला एकदम १००० कांजी आणि ६००० शब्द. मधे काही नाही, नुसता कडा. मी सानक्यू झालो आणि त्या कड्याच्या पायथ्याशी सात वर्षं तंबू ठोकून होतो.

२०१०मध्ये त्यांनी परीक्षा नव्याने बांधली तेव्हा मधे जी पायरी घातली ती एन३. एन४ म्हणजे आमचं जुनं सानक्यू. तेव्हा "एन४ला कोण विचारतं" म्हणणाऱ्या सेन्सेईंना माझा नमस्कार सांगा. सानक्यूच्या कागदावर मी १९९४ साली नोकरी मिळवली आहे.

चहाटळ | मंगळवार, सकाळी ९:२०

अवांतर: आमच्या घरी हेच रामायण दहावीच्या गणितावरून चालू आहे. सीबीएसईला २०२०पासून स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर आहेत. अभ्यासक्रम एकच, अंतर्गत गुणही तेच, फक्त ८० मार्कांची प्रश्नपत्रिका वेगळी. कन्या म्हणते बेसिक, आजोबा म्हणतात आमच्या घराण्यात कुणी बेसिक नाही. कुणाला अनुभव?

तिरकस | मंगळवार, सकाळी ९:३१

चहाटळ, वेगळा धागा काढा. तिथेही मी येऊन वाईट सल्ला देईन.

कावेरी_के | मंगळवार, दुपारी १:१५

डब्याच्या सुट्टीत लिहिते आहे. सगळ्यांचे आभार.

रेवती, कारण लिहायचं राहूनच गेलं. मी चाकणला एका कारखान्यात परचेसमध्ये आहे. ड्रॉइंग्ज जपानहून येतात, कोपऱ्यात टिपा जपानीत. "बारी नाकी कोतो" मला गेली दहा वर्षं पाठ आहे. म्हणजे कडेला बर, धातूची खरखरीत धार, राहता कामा नये. वाचता यायला लागायच्या आधीपासून ते चित्रासारखं ओळखायचे, तिथूनच हे खूळ डोक्यात शिरलं.

कंपनी दर वर्षी दोघातिघांना सहा आठवडे तिकडच्या प्लांटला पाठवते. यादी डिसेंबरात ठरते. अट अशी की एन५च्या वरचं कुठलंही सर्टिफिकेट हातात हवं. एचआरच्या मेलमध्ये "एन४ किंवा वर" असंच लिहिलं आहे. मागच्या वर्षी माझ्याकडे एन५च होतं, म्हणून यादीत नाव नव्हतं. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेला मुलगा जाऊन आला आणि सगळ्यांना मत्चा किटकॅट वाटलं.

रेवती_निशिकासाई | मंगळवार, दुपारी १:२८

अहो बाई!! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना.

आता तारखा मांडा. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस येतो. डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीस. तुमची यादी डिसेंबरात. म्हणजे या यादीसाठी तुमच्या हातात एकच परीक्षा आहे, ती जुलैची. आणि एका वेळी एकाच लेव्हलला बसता येतं, दोन्ही भरू म्हणून चालत नाही. डिसेंबरला एन३ द्याच, पण ती पुढच्या यादीसाठी.

एरवी मी एन३च्या बाजूची आहे. इथे टोक्योत ऑफिसच्या नोकऱ्यांना एन४कडे कुणी ढुंकून बघत नाही, एन२ मागतात. अतिकुशल व्यावसायिकांच्या व्हिसाच्या गुणांतही एन२ला १० आणि एन१ला १५ मिळतात, त्याखाली काही नाही. सेन्सेई त्या हिशेबाने बोलले असतील तर चूक नाहीत. पण तो हिशेब तुमचा नाही.

नाशिककर_आई | मंगळवार, दुपारी ३:४०

एन४ला कोण विचारतं म्हणणाऱ्यांसाठी. माझा मुलगा केअरगिव्हरच्या कामासाठी तयारी करतो आहे. २०१९पासून जपानने जो कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला त्याला भाषेसाठी एन४ मागतात. वृद्धांच्या सेवेच्या कामाला त्यावर आणखी एक भाषेची आणि एक कौशल्याची परीक्षा. एन४च्या ऐवजी जेएफटी-बेसिक नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षाही चालते. २५० पैकी २०० लागतात, निकाल तिथल्या तिथे पडद्यावर. तो आधी एन३ म्हणून हटून बसला होता, मित्रांत शान म्हणून. आम्ही दोघांनी बसवून सांगितलं, बाबा, दाराला जी किल्ली लागते तीच घे.

मोगरा | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

मी जपानी शिकवते, म्हणून जरा लांब लिहिणार. कंटाळा आला तर पुढे जा.

कावेरी, यादीबिदी बाजूला ठेवली तरी मला तुमच्या वाचनाच्या १३मध्ये वेगळंच काहीतरी दिसतंय. ऐकण्यात ३१ आहेत, शब्दांत ३६, म्हणजे डोकं आणि पाठांतर ठीक आहे. वाचनात वेळ पुरत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा कांजी नसून एन४चं व्याकरण असतं. ते कळलेलं असतं, पण मुरलेलं नसतं. प्रत्येक क्रियापदापाशी अर्धा सेकंद थांबायला होतं, आणि एन३च्या लांब उताऱ्यात असे पन्नास अर्धे सेकंद जमतात.

खरं तर एन४ ही मराठी माणसाची घरची लेव्हल आहे. बघा. "ताबेते मिरु" म्हणजे खाऊन बघणं. मिरु म्हणजे नुसतं बघणंच. "कात्ते ओकु" म्हणजे घेऊन ठेवणं, आणि ओकु म्हणजे ठेवणंच. "ताबेते शिमाउ" म्हणजे खाऊन टाकणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावताना पान भरतं. आपल्या पोरांना मी सांगते, आई काय म्हणते ते आठव, "दूध आणून ठेव", "चव घेऊन बघ", "संपवून टाक एकदाचं". झालं, धडा संपला.

ओचिरु-ओतोसु म्हणजे पडणं-पाडणं. वारेरु-वारु म्हणजे फुटणं-फोडणं. किरेरु-किरु म्हणजे तुटणं-तोडणं. या जोड्यांनी जगभरचे विद्यार्थी रडतात, आपल्याकडे चार वर्षांचं पोर "मी नाही फोडलं, फुटलं" असं अचूक बोलतं. "फुरीसो दा" म्हणजे पाऊस पडेलसं दिसतंय, आणि "फुरुसो दा" म्हणजे पाऊस पडणार म्हणे. आपला तो "म्हणे" किती कामाचा आहे हे मला जपानी शिकल्यावर कळलं. "आमे नी फुरारेता", शब्दशः पावसाकडून पडलं गेलं. कुठल्याही पुस्तकातलं भाषांतर वाचू नका. "पावसानं गाठलं." बस.

तर एन४ वगळून एन३ला गेलात की हे सगळं नुसतं नियम म्हणून डोक्यात राहतं, अंगात येत नाही. माझ्या मते सेन्सेईंनी तुम्हाला घाई केली.

पण माझ्या मतावर फॉर्म भरू नका. आज रात्री एक करा. जेएलपीटीच्या संकेतस्थळावर सरावाचे अधिकृत पेपर फुकट आहेत. एन४चा उतरवून घ्या, घड्याळ लावा. शब्द २५ मिनिटं, व्याकरण-वाचन ५५, ऐकणं ३५. फोन दुसऱ्या खोलीत. मधे ओटा पुसायचा नाही. तो पेपर पोरखेळ वाटला तर उद्या बिनधास्त एन३ भरा, यादीची जोखीम तुमची. दमछाक झाली तर उत्तर मिळालंच.

सासवडकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

"पावसानं गाठलं" _/\_ मला हे तीन वर्षांपूर्वी का नाही कुणी सांगितलं.

तिरकस | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मोगराताई, माझं मत बदललं असं मी म्हणणार नाही, पण जेजुरीचा मुद्दा मागे घेतो. अर्धा.

केतकी_म | मंगळवार, रात्री ८:१५

मी जर्मनवाली. गटे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेचे चार तुकडे असतात, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६०. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. जपानीत तसं काही नाही का? सासवडकरांनी नुसतं वाचन पुन्हा दिलं असतं.

रेवती_निशिकासाई | मंगळवार, रात्री ८:२२

नाही. एक गेलं की सगळंच गेलं, पुढच्या वेळी पहिल्यापासून. आणि इथे बोलणं-लिहिणं नाहीच, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. त्यामुळे एन२वाला माणूस कोंबिनीत (नाक्यावरच्या दुकानात) एक वाक्य बोलू शकत नाही असंही दिसतं. तो वेगळा धागा.

कावेरी_के | बुधवार, रात्री १२:३८

झोपायच्या आधी लिहून टाकते.

पोरगी झोपल्यावर साडेनऊला बसले. शब्द १८ मिनिटांत झाले, खूश झाले. व्याकरण-वाचन ५५पैकी ५३ मिनिटं लागली. संपलं, पण संपलं एवढंच. ऐकण्याच्या शेवटी थकून दोन प्रश्न नुसते कानावरून गेले. तपासलं, हिशेबाने पास आहे, आरामात म्हणता येणार नाही.

आणि मोगराताई, तुमचं म्हणणं एका प्रश्नात पकडलं गेलं. वाक्य होतं "कोदोमो नी केकी ओ ताबेरारेता". मी वाचलं, मुलाला केक खाता आला. वाटलं आजारी असेल बिचारा, आता बरं वाटतंय. पुढच्या वाक्यात ती बाई वैतागलेली का आहे ते कळेना. तीनदा वाचलं. मग पर्याय बघून ट्यूब पेटली. मुलानं तिचा केक फस्त केला होता! "ताबेरारेता" खाता आलं असंही होतं आणि खाल्लं गेलं असंही. हा धडा मी दीड वर्षापूर्वी केलाय, वहीत लाल शाईने लिहिलाय. तरी एक मिनिट गेलं.

एन४ भरली. पैसेही भरले. आता टॅब बंद.

मोगरा | बुधवार, सकाळी ६:५५

तो केक मी वर्गात वापरणार आहे, परवानगी गृहीत धरते.

आणि सेन्सेईंना आज सांगा. क्लास सोडू नका, एन३च्या वर्गात बसूनच एन४ द्या. ऐकण्याला फायदा होईल.

कावेरी_के | रविवार, रात्री ९:०५

सांगितलं. सेन्सेई दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "बरं केलंत, पण वर्गात सांगू नका, सगळे एन४ भरतील." फॉर्म बंद झाले होते हे त्यांच्या लक्षात नसावं.

चिंटू_२१ | जून, रविवार, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. मी उलटा केस. एन३ भरून पैसे देऊन बसलोय, परीक्षा तीन आठवड्यांवर, आणि सराव पेपरात ७०च्या वर जात नाहीये. आता एन४ करून मिळेल का? मेल केला तर? सेंटरवर जाऊन हातापाया पडलो तर?

रेवती_निशिकासाई | जून, रविवार, रात्री ११:०४

नाही, नाही आणि नाही. फॉर्म गेला की लेव्हल बदलत नाही. हॉलमध्ये ज्या लेव्हलचं हॉलतिकीट तोच पेपर हातात.

पण जाऊन बसा. नापास झालात तरी तो आकडा फक्त तुमच्याकडे येतो, सर्टिफिकेट येत नाही एवढंच. कितीही वेळा देता येते, मागची नापासी कुठे छापली जात नाही. घरी बसलात तर फी गेली आणि आपण कुठे उभे आहोत हेही कळलं नाही.

मोगरा | जून, सोमवार, सकाळी ७:१२

तीन आठवड्यांत एन३ होत नाही, पण ७०चे ९० होऊ शकतात. नवीन कांजी आता बंद. दोनच गोष्टी.

एक, व्याकरण आणि वाचनाला मिळून ७० मिनिटं असतात. तुम्ही व्याकरणात रेंगाळत असणार. माझे विद्यार्थी आधी वाचन करतात, डोकं ताजं असताना, मग उरलेल्या वेळात व्याकरण उरकतात. उत्तरपत्रिकेवर गोल भरताना मात्र क्रमांक बघा. एकाने सगळे गोल एक ओळ वर भरले होते, घरी येऊन लक्षात आलं.

दोन, ऐकण्यात "गाइयो रिकाइ" नावाचा भाग एन३पासून सुरू होतो, एन४ला नसतो. पानावर काही छापलेलं नसतं, प्रश्नही आधी सांगत नाहीत. माणूस बोलतो, मग विचारतात हा कशाबद्दल बोलला. एन४ची सवय असलेले तिथे शब्द वेचत बसतात. शब्द सोडा. शेजारच्या काकू जिन्यात बोलायला लागल्या की आपण काय करतो? अर्धं सोडून देतो आणि शेवटी "म्हणजे पाणी येणार नाही तर" एवढं घेऊन वर येतो. तसं ऐका.

सासवडकर | जून, सोमवार, सकाळी ८:४०

आणि फोन बंद करून पिशवीत. सायलेंट नव्हे, बंद. आमच्या वर्गात एकाचा गजर वाजला आणि त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. फुटबॉलसारखं खरंच कार्ड असतं, मला तोवर थट्टा वाटत होती. पेन्सिली दोन न्या, खोडरबर न्या, साधं घड्याळ न्या. भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर राहू नका.

कावेरी_के | जुलै, रविवार, संध्याकाळी ७:३०

देऊन आले. माझ्या डावीकडे नववीतली मुलगी, उजवीकडे पांढऱ्या केसांचे आजोबा. पेपर सोपा नव्हता, पण वाचन संपवून चार मिनिटं उरली. ऐकण्याच्या वेळी बरोबर पाऊस आला. वर्गाच्या बाहेर पत्र्याची शेड, त्यावर तडातड. परीक्षक बाईंनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. एक प्रश्न तरी पावसात वाहून गेला. पावसानं गाठलं, अजून काय.

चिंटू, तुझं काय?

चिंटू_२१ | जुलै, रविवार, रात्री ९:१०

वाचन आधी केलं. पूर्ण झालं!! व्याकरणाचे शेवटचे पाच डोळे मिटून भरले. काकू जिन्यात दोनदा भेटल्या, तिसऱ्यांदा कळल्या.

कावेरी_के | ऑगस्ट, सोमवार, दुपारी १२:०५

निकाल!

१२९. शब्द-व्याकरण-वाचनात ८८, ऐकण्यात ४१. खाली जी अ-ब-क सारखी अक्षरं असतात त्यात वाचनापुढे ए आहे. व्याकरणाला बी. एचआरला मेल टाकला. यादीत नाव येईल न येईल, यंदा कागद तरी आहे. सेन्सेईंचा फोन आला, म्हणाले वर्गात सांगा. आता सांगा म्हणतात.

चिंटू_२१ | ऑगस्ट, सोमवार, दुपारी १२:४४

८९. सहा मार्कांनी नापास. पण वाचन २४, तिन्ही भागांत १९च्या वर!! सासवडकरकाका, तुमच्यापेक्षा १७ कमी मिळवून मी जास्त खूश आहे.

सासवडकर | ऑगस्ट, सोमवार, दुपारी १:०२

माझे पेढे शिळे झालेत, नाहीतर दिले असते. अभिनंदन दोघांचं.

अण्णा_७१ | ऑगस्ट, सोमवार, दुपारी ३:२०

कावेरी, सानक्यूच्या पंगतीत स्वागत. तंबू ठोकू नका मात्र.

तिरकस | ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी ६:१५

ताई, डिसेंबरचं काय? एन३ ना?

कावेरी_के | ऑगस्ट, सोमवार, रात्री १०:४८

बहुतेक. फॉर्म उघडला की परत पाच ओळी दिसतील, तेव्हा बघू. ओटा तोवर स्वच्छ ठेवते.

तिरकस | ऑगस्ट, सोमवार, रात्री १०:५५

म्हणजे जेजुरी झाली, पुढचा मुक्काम वाल्हे.